ग्रीक दैवतकथांतील पशुरूप : पलायन आणि कपट

ग्रीक दैवतकथांचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक ग्रंथांत झ्यूसच्या रूपांची एक ठरीव यादी असते: युरोपासाठी बैल, लीडासाठी राजहंस, डॅनाईसाठी सुवर्णवृष्टी, अल्कमीनीसाठी तिच्याच पतीचे रूप. या यादीला सामान्यतः ‘झ्यूसच्या प्रणयलीला’ असे शीर्षक मिळते, आणि या कथा मराठीत सांगतानाही हा शब्द सहजगत्या वापरला जातो. यादी सोयीची आहे. परंतु ती वाचणारा एक गृहीत न तपासता स्वीकारतो. पशुरूप ही केवळ देवाची मालमत्ता, मनास येईल तेव्हा पांघरावयाचे एक सोंग. आणि ज्या स्त्रीसाठी ते पांघरले ती मात्र आरंभापासून अखेरपर्यंत मानवी रूपात, जागच्या जागी, अजाण, असे हे गृहीत आहे. ग्रीक वाङ्मयाचा पुरावा पाहिला तर हे चित्र अपुरे ठरते. काही महत्त्वाच्या कथांत प्रथम रूप बदलते ती पाठलाग होणारी स्त्री; देव तिच्या मागोमाग रूप बदलतो, कारण त्यावाचून ती त्याच्या हाती लागणार नसते. अशा कथांत पशुरूप हे पलायनाचे साधन आहे. ते कपटाचे साधन कसे झाले, आणि ते होत असता पळणारी स्त्री कथेतून कशी बाहेर पडली, हे पाहिल्यावाचून ‘प्रणयलीला’ या शब्दाची योग्यायोग्यता ठरविता येणार नाही.

होमरपासून आरंभ केला तर हाती फारसे लागत नाही. ‘इलियड’च्या चौदाव्या सर्गात झ्यूस हेरासमोर आपल्या पूर्वीच्या स्त्रियांची नावे घेतो. पत्नीची मनधरणी करण्याची ही रीत चमत्कारिक खरी. पण नावांची ही मालिका अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची आहे. तीत डॅनाई आहे, फीनिक्सची कन्या म्हणजे युरोपा आहे, सेमेली, अल्कमीनी, डीमिटर आणि लीटो आहेत. एकाही नावाबरोबर रूपांतराचा उल्लेख नाही. लीडा तर या मालिकेत नाहीच. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ती भेटते ती टिंडेरिअसची पत्नी आणि कॅस्टर व पॉलिड्यूसीस यांची माता म्हणून. हेलन ही झ्यूसची कन्या आहे हे होमरला ठाऊक आहे. अंड्याची कथा तो सांगत नाही. मौनावरून अज्ञान सिद्ध होत नाही हे खरे, आणि अशा अद्भुत गोष्टी टाळण्याकडे होमरचा कल असतो हेही प्रसिद्ध आहे. म्हणून या मौनावर अधिक भार न टाकता पुढे जाणे बरे.

खरा पुरावा मिळतो तो ‘किप्रिया’ या महाकाव्याच्या एका उताऱ्यात. ट्रॉयच्या युद्धाची पूर्वकथा सांगणारे हे काव्य आज नष्ट झाले आहे. परंतु आथिनीअस या उत्तरकालीन ग्रंथकाराने त्यातील काही ओळी उद्धृत केल्यामुळे हेलनच्या जन्माची एक निराळी कथा शिल्लक राहिली. या कथेत हेलनची माता लीडा नसून नेमेसिस ही देवता आहे. झ्यूसशी संग करण्याची तिची इच्छा नाही. ती पळते; भूमीवरून आणि काळ्या जलाच्या पलीकडे पळते. झ्यूस मागे लागलेला असतो. समुद्राच्या लाटांत ती मासा होते, पृथ्वीच्या कडेपर्यंत जाते, आणि पुन्हा भूमीवर येऊन तेथील एकामागून एक प्राण्यांची रूपे घेते. उतारा येथे तुटतो. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहावरून पुढचा भाग कळतो: अखेरीस ती हंसी झाली, झ्यूस राजहंस झाला, आणि तिने अंडे घातले.

या ओळींत दोन गोष्टी विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, रूपांतरांची सर्व मालिका नेमेसिसची आहे. मासा ती होते, वन्य पशू ती होते. झ्यूसच्या हाती असलेल्या उताऱ्यात केवळ पाठलाग आहे. त्याची कल्पकता, त्याचे चातुर्य असे काहीही वर्णिलेले नाही. दुसरी गोष्ट तिच्या मनःस्थितीची. लज्जा आणि ‘नेमेसिस’ यांनी तिचे मन पोळत होते, असे कवी सांगतो. ‘नेमेसिस’ हे जसे देवतेचे नाव, तसेच ते न्याय्य संतापाचे, अयोग्य आचरण पाहून सज्जनाच्या मनात उठणाऱ्या रोषाचे सामान्यनामही आहे. जिच्यावर अतिक्रम होत आहे तीच स्वतः रोषाची देवता आहे, आणि तो रोष ती स्वतःच्या ठायी अनुभवते. ट्रॉयच्या विनाशाला कारण झालेली हेलन या रोषातून जन्मली, अशी या काव्याची योजना दिसते. हा केवळ शब्दखेळ नव्हे. झ्यूसचे कृत्य कवीच्या दृष्टीने काय आहे, हे त्याने एका नामात सांगून टाकले आहे.

भारतीय वाचकाला या उताऱ्याने बृहदारण्यक उपनिषदातील सृष्टिकथेची (१.४.४) आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. तेथेही आदिपुरुषापासून उत्पन्न झालेली स्त्री विचार करते की, स्वतःपासून मला निर्माण करून हा माझ्याशी संग कसा करतो. आणि ती लपू पाहते. ती गाय होते तर तो बैल होतो, ती घोडी होते तर तो घोडा होतो, आणि असे मुंगीपर्यंत चालते. क्रम तोच: रूप आधी तिचे, मागून त्याचे. मात्र उपनिषदाला त्या पलायनातून सर्व प्राणिमात्रांच्या जोड्यांची उत्पत्ती सांगावयाची आहे, त्यामुळे स्त्रीचा प्रश्न अनुत्तरित राहून कथा सृष्टीकडे वळते. ऐतरेय ब्राह्मणातील प्रजापतीच्या कथेत (३.३३) हरिणीचे रूप घेतलेल्या कन्येमागे प्रजापती हरिणरूपाने धावतो, तेथे मात्र देव हे कृत्य अकार्य ठरवितात आणि रुद्र त्याला विद्ध करतो. या साम्यांवरून उसनवारीचे अनुमान काढणे धोक्याचे आहे. कथेचा एक पुरातन साचा दोन्हीकडे आढळतो, इतकेच येथे पुरेसे आहे.

असाच साचा आर्केडियात डीमिटरच्या उपासनेशी निगडित झालेला पॉसेनियसने इ. स. दुसऱ्या शतकात नोंदविला आहे. हरवलेल्या कन्येच्या शोधात फिरणाऱ्या डीमिटरमागे पॉसायडन लागला. तिने घोडीचे रूप घेतले आणि थेल्पूसा येथे ऑन्किऑसच्या घोड्यांच्या कळपात ती चरू लागली. आपण फसविले गेलो हे पॉसायडनच्या ध्यानी आले, आणि त्याने घोड्याचे रूप घेऊन तिला गाठले. येथे फसवणूक झाली आहे ती देवाची, आणि केली आहे ती देवीने. पुढे तिचा क्रोध अनावर झाला. नंतर तो टाकून तिने लॅडन नदीत स्नान केले. म्हणून थेल्पूसात तिची दोन नावे रूढ होती: क्रोधावरून एरिनिस आणि स्नानावरून लूसिआ. विवस्वान् आणि सरण्यू यांची यास्काने ‘निरुक्ता’त आणि ‘बृहद्देवते’च्या कर्त्याने सविस्तर सांगितलेली कथा याच्याशी इतकी जुळते की, एकोणिसाव्या शतकात आडाल्बर्ट कूनने ‘सरण्यू’ आणि ‘एरिनिस’ ही नावेच एक मानली. ते शब्दसाम्य पुढील भाषाशास्त्राने मान्य केले नाही; कथासाम्य मात्र उरते. भेदही ध्यानात घ्यावा. सरण्यूच्या कथेतून अश्विनीकुमारांचा जन्म होतो आणि प्रकरण मंगलात मिटते. आर्केडियाची डीमिटर क्रोधाच्या नावानेच पूजिली जाते.

आता पुन्हा हेलनच्या अंड्याकडे वळावयास हवे, कारण ग्रीक परंपरेत काय बदलले हे त्या अंड्याच्या प्रवासावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरूनही दिसत नाही. इ. स. पू. ६०० च्या सुमाराची सॅफो एका त्रुटित ओळीत लीडाला एक अंडे सापडल्याचा निर्देश करते. सापडले, घातले नव्हे. अपोलोडोरस सांगतो की, एका मेंढपाळाला ते रानात मिळाले आणि त्याने ते लीडाला आणून दिले. तिने ते पेटीत जपून ठेवले, आणि त्यातून निघालेल्या मुलीला स्वतःची म्हणून वाढविले. इ. स. पू. पाचव्या शतकात क्रॅटिनसने ‘नेमेसिस’ नावाचे प्रहसन लिहिले. त्याच्या उरलेल्या एका तुकड्यात लीडाला कोंबडीसारखे अंडे उबविण्यास सांगितलेले आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅटिकामधील रॅम्नूस येथे नेमेसिसची जी मूर्ती उभी राहिली, तिच्या पादपीठावरील उठावशिल्पात लीडा हेलनला नेमेसिसकडे घेऊन येत असल्याचे पॉसेनियस लिहितो, आणि असे दाखविण्याचे कारण तो स्पष्ट करतो: माता नेमेसिस, लीडा ही स्तन्य देऊन वाढविणारी. या पादपीठाचे अवशेषही उत्खननात सापडले आहेत. म्हणजे अथेन्सच्या परिसरात तरी पाचव्या शतकापर्यंत लीडा ही पालक माता होती. राजहंसाशी तिचा संबंध नव्हता.

तो संबंध निःसंदिग्ध शब्दांत प्रथम आढळतो युरिपिडीजच्या ‘हेलन’ या नाटकात. हे नाटक इ. स. पू. ४१२ मध्ये रंगभूमीवर आले. नाटकाच्या आरंभी हेलन स्वतःच्या जन्माची वार्ता सांगते: झ्यूस राजहंसाच्या रूपाने, गरुडापासून पळत असल्याचे भासवून लीडाकडे उडत आला आणि कपटाने त्याने तिची शय्या साधली, अर्थात ही वार्ता खरी असेल तर. या शेवटच्या पुस्तीची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्याच जन्मकथेवर अविश्वास दाखविणारी नायिका युरिपिडीजच्या बुद्धिवादाचे उदाहरण म्हणून नेहमी दाखविली जाते. परंतु पुस्तीपेक्षा तिच्या आधीचा तपशील अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. या कथेत पलायन आहे. पण पळत आहे तो झ्यूस.

नेमेसिसच्या कथेतील प्रत्येक घटक येथे उपस्थित आहे: पक्षी आहे, पाठलाग आहे, पळणारा आहे. फक्त त्यांच्या जागा बदलल्या आहेत. जो पाठलाग करीत होता तोच पाठलाग होत असल्याचे सोंग करतो. जी पळत होती तिच्या जागी एक मर्त्य राणी बसविली आहे, आणि तिने करावयाचे ते इतकेच की भयभीत पक्ष्याला आश्रय द्यावा. सुमारे इ. स. पू. ३७० मध्ये आयसॉक्रेटीसने हेलनची जी स्तुती रचली तीत तर हा उलटापालट पूर्ण झाला. झ्यूसने राजहंस होऊन नेमेसिसच्या मांडीवर आश्रय घेतला आणि त्याच रूपाने पुढे लीडाशी संग केला, असे तो म्हणतो. ज्या नेमेसिसने समुद्र आणि भूमी पालथी घातली ती आता स्वस्थ बसलेली आहे, आणि आश्रयाची याचना झ्यूस करतो आहे. स्तुतिकाराला हेलनचे माहात्म्य वाढवावयाचे होते. सौंदर्यापुढे देवाधिदेवही नम्र होतो हा त्याचा मुद्दा, आणि त्या नम्रतेचे प्रमाण म्हणून त्याने ही शरणागती सादर केली आहे. एका पळणाऱ्या स्त्रीचा पळ तिच्या पाठलाग करणाऱ्याच्या नावावर जमा झाला, आणि तो त्याचा विनय म्हणून! हिजायनसच्या नावावर असलेल्या ज्योतिषकथांच्या ग्रंथात हीच कथा आणखी रंगविलेली आहे. तेथे झ्यूसच्या सूचनेवरून प्रणयदेवता गरुड होऊन त्याचा खोटा पाठलाग करते.

शिल्पकलेने या क्षणाची अचूक नोंद घेतली. इ. स. पू. चौथ्या शतकातील तिमोथिऑसच्या कृतीवरून घडविलेल्या मानल्या जाणाऱ्या लीडाच्या रोमन प्रतिकृती अनेक संग्रहालयांत आहेत. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातील त्यांपैकी एक सर्वपरिचित आहे. लीडा एका हाताने राजहंसाला अंगाशी धरते, दुसऱ्या हाताने वस्त्र उंच धरून त्याला आडोसा करते, आणि तिची दृष्टी वर आकाशाकडे आहे, जेथे न दाखविलेला गरुड असावयास हवा. भय तिला आहे, पण ते पक्ष्यासाठी आहे. मांडीवरचा धोका तिला दिसत नाही. शिबिराजाच्या मांडीवर ससाण्याच्या भयाने येऊन पडलेले कबूतर येथे कोणाही भारतीय वाचकाच्या मनात येईल. तेथेही पक्षी हा प्रच्छन्न देव आहे आणि पळ खोटा आहे. परंतु त्या कथेतील देव राजाच्या दयेची परीक्षा पाहतात आणि अखेरीस तिचा गौरव करतात. लीडाच्या कथेत तीच दया तिच्या फसवणुकीचे द्वार होते, आणि ग्रीक कवींपैकी कोणीही या दयेबद्दल तिला एक शब्द दिलेला नाही.

हा बदल केवळ कवींच्या लहरीने झाला असे मानता येत नाही. त्यामागे कथेतील पात्राच्या दर्जाचा प्रश्न आहे. रूप बदलण्याचे सामर्थ्य ग्रीक कल्पनेत मुख्यतः देवतांचे, त्यातही जलदेवतांचे आहे. थीटिस पीलिअसच्या मिठीतून सुटण्यासाठी अग्नी आणि सिंह होते. सामथी ही सागरकन्या ईअ‍ॅकसला टाळण्यासाठी सील होते. या दोघींचा पाठलाग करणारे पुरुष मानव आहेत, आणि म्हणून ते रूप बदलत नाहीत. घट्ट धरून राहतात. पाठलाग होणारी देवता असेल तर पळ काढण्याचे साधन तिच्यापाशी असते. ती मर्त्य झाली की ते साधन जाते. युरोपा, लीडा यांना मासा किंवा घोडी होता येत नाही. त्यामुळे पाठलागाची आवश्यकता उरत नाही, आणि पाठलाग नसला की कथेला दुसरे काहीतरी गतिमान तत्त्व लागते. ते तत्त्व म्हणजे कपट.

मर्त्य स्त्रियांच्या कथांत पशुरूप नाहीसे मात्र होत नाही. ते उशिरा येते, आणि दुसऱ्याच्या हातून येते. आयो गाय होते, ती स्वतःच्या इच्छेने नव्हे. काही कवींच्या मते हेराने तिला गाय केले, ऑव्हिडच्या मते झ्यूसने आपले कृत्य लपविण्यासाठी. कॅलिस्टोला झ्यूसने आर्टेमिसच्या रूपाने फसविले, आणि अस्वल होण्याची शिक्षा कॅलिस्टोला मिळाली. थिओफनीला पॉसायडनने मेंढी केले आणि स्वतः मेंढा झाला. तेथे दोन्ही रूपे त्याच्याच सत्तेतली. देवीच्या कथेत जे सुटकेचे साधन होते, ते मानवी स्त्रीच्या कथेत बंदिवास होते. याला एक विलक्षण अपवाद मेस्ट्राचा आहे. पॉसायडनने उपभोगलेल्या या मुलीला त्याच्याकडून रूपे बदलण्याची शक्ती वर म्हणून मिळते. म्हणजे जेव्हा तिचा उपयोग झाला असता ती वेळ उलटून गेल्यावर. मग तिचा पिता एरिसिक्थॉन आपली अघोरी भूक भागविण्यासाठी तिला पुनःपुन्हा विकतो, आणि ती घोडी, पक्षी, गाय, हरिण होऊन नव्या धन्याकडून निसटून घरी परतते, पुन्हा विकली जाण्यासाठी. हिसिअडच्या नावावरील ‘स्त्रियांच्या यादी’त ही कथा होती, आणि ऑव्हिडने ती ‘मेटामॉर्फसीस’च्या आठव्या खंडात घेतली. पळण्याची विद्या मर्त्य स्त्रीच्या हाती आली तर तिचे काय होते, याविषयी ग्रीकांची कल्पना यापेक्षा कठोरपणे मांडणे अवघड आहे.

युरोपाच्या कथेने या विवेचनाला एक मर्यादा घातली जाते, ती येथेच नमूद करणे न्याय्य होईल. कपटी बैलाची कथा उत्तरकालीन नाही. सिसिलीतील सेलिनस येथील, आता पालेर्मोच्या संग्रहालयात असलेला शिल्पपट इ. स. पू. सहाव्या शतकाचा आहे, आणि त्यावर बैलाच्या पाठीवर बसलेली युरोपा स्पष्ट आहे. बैलाच्या मुखातून केशराचा सुगंध येत होता हा तपशील प्राचीन टीकाकारांनी हिसिअडकडे नेला आहे. म्हणजे पलायनाचा आणि कपटाचा असे दोन्ही साचे प्राचीन काळी शेजारी शेजारी नांदत होते. त्यांतील एकाने दुसऱ्याला गिळले, इतकेच काळाच्या ओघात घडलेले दाखविता येते.

युरोपाचे सर्वांत देखणे काव्य मॉस्कसचे, इ. स. पू. दुसऱ्या शतकातील. कुरणात सख्यांसह फुले वेचणारी राजकन्या, तिच्या पायाशी येऊन बसणारा सौम्य बैल, आणि ती पाठीवर बसताच त्याने समुद्राकडे घेतलेली धाव, हे सारे तो फार लाघवाने वर्णन करतो. पण त्याच्या काव्याचा गाभा त्या कुरणात नसून युरोपाच्या हातातील फुलांच्या परडीत आहे. हेफेस्टसने घडविलेली ही सुवर्णाची परडी लिबियापासून वारशाने युरोपाकडे आली आहे, आणि तिच्यावर कोरलेले आहे गाय झालेल्या आयोचे चित्र, समुद्र तरून जाणारी आयो. आयो ही युरोपाच्याच वंशाची मूळ स्त्री. पूर्वजेवर गुदरलेला प्रसंग सोन्यात कोरून युरोपाच्या हाती दिलेला आहे. ती तिच्यात फुले भरते. मॉस्कसचा काव्यगुण अलंकरणापुरता मानणाऱ्यांनी ही परडी नीट पाहिलेली दिसत नाही.

युरोपाला स्वतःला बोलावयास लावणारे कवी थोडे आहेत. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसवर तिचे स्वगत सापडते. ते बहुधा ईस्किलसच्या ‘कॅरियन अथवा युरोपा’ या लुप्त नाटकातील असावे. तेथे ती प्रौढ माता आहे. झ्यूसने आपल्या वृद्ध पित्यापासून आपल्याला श्रमावाचून कसे चोरले, बैलाला कुरण देऊन पाहुणचार झाला तो कसा, हे ती थोडक्यात सांगते आणि लगेच तीन पुत्रांकडे वळते. मिनॉस आणि रॅडामँथिस यांच्याविषयी ती निश्चिंत आहे. युद्धावर गेलेल्या सार्पेडनच्या चिंतेने ती व्याकूळ आहे. याउलट होरेसच्या गीतात (३.२७) तीच युरोपा आत्मनिंदा करीत मरण मागते, आणि व्हीनस हसत तिला सांगते की रडणे पुरे, पृथ्वीच्या एका भागाला तुझे नाव मिळेल. होरेसच्या व्हीनसचे हे हसू ‘प्रणयलीला’ या शब्दाचे मूळ स्थान म्हणता येईल. दुःख खरे आहे हे कवी नाकारीत नाही. ते मोठ्या भाग्याच्या हिशेबात क्षुल्लक ठरवितो.

ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीस’मध्ये सहाव्या खंडातील अ‍ॅराक्नीची कथा या सर्व कथांचा जणू अभियोगपत्रासारखा संग्रह करते. अथीनाशी विणकामाची स्पर्धा करणारी ही सामान्य घरातील मुलगी आपल्या मागावर देवांचे वीसएक अपराध विणते. अपराध हा शब्द ऑव्हिडचाच. बैलाच्या आभासाने फसलेली युरोपा आहे, राजहंसाच्या पंखांखाली लीडा आहे, मेंढ्याच्या रूपातील नेपच्यून आहे. तिच्या कामात अथीनालाही दोष काढता आला नाही. देवीने ते वस्त्र फाडले, धोट्याने मुलीच्या कपाळावर प्रहार केला, आणि अखेर तिला कोळी केले. आधुनिक टीकाकारांनी अ‍ॅराक्नीला अत्याचारितांची प्रवक्ती मानले आहे, आणि ते बरोबर आहे.

तथापि तिच्या वस्त्रातील काही नावे जवळून पाहिली तर एक अडचण निर्माण होते. डीमिटर तेथे आहे. नेपच्यून घोडा म्हणून तिच्या अनुभवास आला असे ऑव्हिड म्हणतो, पण ती स्वतः घोडी होऊन कळपात लपली होती याचा मागमूस नाही. वस्त्रावर ती सोनेरी केसांची, सौम्य धान्यमाता आहे. अ‍ॅस्टेरिआ तेथे आहे, झुंजणाऱ्या गरुडाच्या पकडीत. परंतु अपोलोडोरसच्या कथेत तीच अ‍ॅस्टेरिआ झ्यूसपासून पळताना लाव्याचे रूप घेऊन समुद्रात झेप घेते, आणि झ्यूसच्या हाती लागत नाही. कॅलिमॅकसच्या डीलॉसच्या स्तोत्रातही ती झ्यूसचा संग टाळण्यासाठी ताऱ्यासारखी आकाशातून उडी घेते. जी सुटली होती तिला अ‍ॅराक्नीच्या मागावर पकडून आणलेले आहे. लीडा आहे, नेमेसिस नाही. देवांवरील आरोप भक्कम करावयाचा तर पीडित स्त्री संपूर्ण असहाय दाखवावी लागते, आणि त्या भरात अ‍ॅराक्नी तिच्या भगिनींचा पळ, त्यांचे कसब, त्यांनी देवाला दिलेला चकवा पुसून टाकते. आरोपीला आणि फिर्यादीला येथे कथेचे एकच रूप सोयीचे पडले आहे. ऑव्हिडला हे जाणवले होते काय, हे ठरविणे कठीण. बैल झालेल्या ज्युपिटरचे वर्णन करताना राजवैभव आणि प्रेम एकत्र नांदत नाहीत असा शेरा मारणारा कवी देवाच्या प्रतिष्ठेची थट्टा मनसोक्त करतो. पळणाऱ्या स्त्रीचे रूपांतर तो इतरत्र, डॅफनीच्या कथेत, विस्ताराने सांगतोही. पण डॅफनी वृक्ष होते. वृक्षाला पळता येत नाही.

प्राचीनांनी या कथांवर आक्षेप घेतले नाहीत असे नाही. देवांच्या माथी चौर्य, व्यभिचार आणि परस्परवंचना मारणाऱ्या होमर-हिसिअडांची झेनोफनीसने केलेली निंदा सुप्रसिद्ध आहे. प्लेटो ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या खंडात तर देव रूप बदलतो ही कल्पनाच त्याज्य ठरवितो, जे परिपूर्ण आहे ते बदलले तर हीनच होणार. दोघांचाही आक्षेप देवाच्या महत्तेसाठी आहे. ज्या स्त्रीला रूप बदलावे लागले तिचा प्रश्न त्यांच्या विचारकक्षेत येत नाही. पुढे आधुनिक काळात ए. बी. कुक याच्यासारख्या विद्वानांनी पशुरूपातील देव ही मूळच्या पशूपासनेची खूण मानली. बैलच का, घोडाच का, या प्रश्नाला त्या विचाराने काही उत्तर मिळते. नेमेसिस मासा का झाली, याला मिळत नाही.

अलीकडच्या काळात वाद शब्दावर येऊन ठेपला आहे. फ्रोमा झाइटलिन यांनी १९८६ मध्ये ग्रीक दैवतकथांचा विचार स्पष्टपणे बलात्काराच्या संदर्भात केला. मेरी लेफ्कोविट्झ यांनी १९९३ मध्ये, ग्रीकांच्या दृष्टीने या कथा अपहरणाच्या वा मोहविण्याच्या आहेत असे प्रतिपादन केले. युरोपाच्या कथेपुरते पाहिले तर दुसऱ्या मतालाही आधार सापडतो. परंतु एकाच शब्दाने सर्व कथा झाकण्याचा आग्रह दोन्हीकडे अस्थानी आहे, आणि मराठीत तर ‘प्रणय’ हा शब्द उभयपक्षी संमती गृहीत धरतो. नेमेसिसच्या कथेला तो लावणे म्हणजे मूळ काव्यातील रोषाला आणि लज्जेला खोटे पाडणे होय; तेथे ‘अतिक्रमण’ याहून मवाळ शब्द चालणार नाही. लीडाच्या बाबतीत ‘कपट’ हा युरिपिडीजचाच शब्द हाताशी आहे. येट्सच्या लीडावरील प्रसिद्ध सुनीताने त्या प्रसंगातील हिंसा पुन्हा उघड केली, हे त्याचे श्रेय. पण त्याच्याही काव्यात पंखांची शक्ती सारी एकाच बाजूला आहे.

ज्या बाजूला ती दुसऱ्यांदा होती, तिची एकमेव दृश्य स्मृती आर्केडियात फिगालियाजवळच्या गुहेत होती. तेथील लोक सांगत की, पॉसायडनवरील क्रोधाने आणि कन्येच्या शोकाने डीमिटर काळी वस्त्रे लेवून या गुहेत जाऊन बसली, आणि पृथ्वीवरील पीक नष्ट होऊ लागले. गुहेत तिची लाकडी मूर्ती होती: देह स्त्रीचा, मस्तक आणि आयाळ घोडीची, एका हातात डॉल्फिन, दुसऱ्यावर पारवा. ती जळाली. पुढे ईजायनाच्या ओनाटसने काशाची मूर्ती घडविली. केवळ या देवीसाठी आपण फिगालियास गेलो असे पॉसेनियस लिहितो. पण त्याच्या वेळी ती दुसरी मूर्तीही नव्हती, आणि बहुतेक गावकऱ्यांना ती कधी होती हेदेखील ठाऊक नव्हते. त्याला भेटलेल्या सर्वांत वृद्ध माणसाने सांगितले की, तीन पिढ्यांपूर्वी छताचे दगड कोसळून ती चिरडली गेली. छतात दगड निखळल्याची जागा पॉसेनियसला दिसली. गुहेपुढच्या वेदीवर तेथील रिवाज असा होता की पशुबळी द्यावयाचा नाही. द्राक्षे, बागेतील फळे, मधाची पोळी आणि न कातलेली लोकर ठेवून वरून तेल ओतावयाचे.